दुहेरी कुलूप

‘सिग्नल निर्दोष असून दोष लॅपटॉपचाच आहे,’ असा इंटरनेट कंपनीचा लेखी निर्वाळा होता. प्राध्यापिकाबाईंनी त्याची शांतपणे चिरफाड केली: कॉलेजात निमूट चालणाऱ्या लॅपटॉपला घरी आल्यावरच घेरी का यावी? अर्ध्या तासात प्राचार्यपदाची ऑनलाइन मुलाखत होती. लॅपटॉप कडेवर घेऊन सिग्नल हुडकत त्या सासऱ्यांच्या लोखंडी कपाटापाशी थबकल्या. राउटरची वायर फटीतून आत गेली होती.

“मामंजी, हे काय?”

बँकेची तिजोरी सांभाळण्यात हयात घालवलेले सासरे अभिमानाने म्हणाले, “शेजारी आपलं वायफाय चोरतात, असं तूच म्हणालीस ना, सूनबाई? म्हणून दुहेरी कुलूप घातलंय. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी तुझ्या सासूकडे; आणि ती सकाळीच माहेरी गेली.”