आधीच का नाही काढलीस?

रिंग काही केल्या निघेना.

सिस्टरनं हातमोजे बदलले आणि पुन्हा वाकून पाहिलं. बावीस वर्षांत तिनं बाळंतिणींच्या बांगड्या उतरवल्या होत्या, सुजलेल्या बोटांतल्या अंगठ्या साबण लावून काढल्या होत्या. पण असल्या नाजूक जागी टोचलेला दागिना तिनं कधी पाहिला नव्हता. बाळाचे ठोके मंदावत होते. डॉक्टरांनी सिझर ठरवलं होतं, आणि अंगावर धातू राहिला तर ऑपरेशनच्या मशीननं तिथं भाजायची भीती होती.

"सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, आठव्यात सांगितलं. आधीच का नाही काढलीस?" सिस्टर कडाडली. "तुझ्या हौसेपायी लेकराच्या जिवावर बेतलंय!"

टेबलावरच्या बाईनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"लाजते हो ती," उशाशी उभी असलेली सासू म्हणाली. सकाळपासून तीच सुनेचा घाम पुसत होती, घोटघोट पाणी पाजत होती. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."

सिस्टरला म्हातारीची कीव आली. तिनं तार कापायची पकड मागवली. रिंगला ना मणी होता ना फिरकी. टोकं एकात एक चेपून कायमची बंद केली होती. दोनदा जोर लावल्यावर ती तुटली.

मुलगी झाली. उशिरा रडली, पण रडली. सिस्टरनं तिला पुसून, गुंडाळून बाहेर नेलं आणि सासूच्या हातात ठेवलं.

परत आली तेव्हा बाई छताकडे बघत पडली होती.

"आता पुरे झाली हौस," सिस्टर जरा नरमाईनं म्हणाली. "जखम भरली तरी परत घालू नकोस."

"मी नव्हती घातली, सिस्टर." आवाज जेमतेम फुटत होता. "नवऱ्यानं घातली. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. तोंडात टॉवेल कोंबला होता. सासूबाईंनी पाय धरले होते. दर तपासणीला त्याच बरोबर यायच्या. कुणाला सांगणार?"

हातातला ट्रे तिथंच टाकून सिस्टर बाहेर धावली. सासू बाळाला छातीशी धरून जिन्यापर्यंत पोचली होती.

"बाळ द्या इकडं."

"अगं बाई! आत्ता तुम्हीच तर दिलंत ना माझ्याकडं?"

"चुकलंच माझं," तिच्या हातातून मुलगी काढून घेत सिस्टर म्हणाली.