ढालकिड्याला तिचं नाव

"तिचंच नाव देणार!" किडेवाल्यांनी मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलताच जाहीर केलं. "ढालकिड्यांची अख्खी नवी प्रजाती सापडलीय. एखादी जात नव्हे, अनेक जातींना पोटात घेणारी प्रजाती! मग बायकोचं नाव नाही द्यायचं, तर काय हेडक्लार्कचं द्यायचं?"

संग्रहालयाच्या त्याच खोलीत, शेजारच्या टेबलावर गोगलगायवाले शंख पुसत होते. तसे ते कधीच फारसं बोलत नसत.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. किडेवाल्यांना घर खायला उठायचं. तिला हाक मारायला तोंड उघडायचं आणि मिटायचं. निदान कुठल्या तरी परक्या देशात, चार परक्या माणसांनी तिचं नाव घेत राहावं, एवढंच आता त्यांना हवं होतं. लाल पाठीवर दोन काळे ठिपके मिरवणारा हा इवलासा जीव त्यांना त्यासाठी अगदी पसंत होता.

"नाव रिकामं आहे का, पाहिलंस?" गोगलगायवाल्यांनी विचारलं.

नियम दोघांनाही पाठ होता. साऱ्या प्राणिसृष्टीत प्रजातीचं एक नाव एकदाच वापरता येतं. आधी देईल त्याचं. मागून येणाऱ्यानं दुसरं शोधायचं.

"पाहायचंय काय त्यात? माझ्या बायकोचं नाव जगात आणखी कुणाला सुचणार?"

"दुसरं शोध, बाबा. ते गेलंय."

"कुणाला?"

"एका गोगलगायीला."

"कुठल्या गाढवानं दिलं?"

"मी."

किडेवाल्यांनी आता डोकं वर केलं. लग्न न करता याच खोलीत म्हातारा झालेला हा माणूस. इतकी वर्षं शेजारी बसून एक चकार शब्द नाही! खरं तर राग यायला हवा होता. पण तिच्यासाठी झुरणारं आपल्याशिवाय आणखी कुणीतरी आहे, या विचारानं त्यांनी आपली खुर्ची शेजारच्या टेबलाकडे सरकवली.

"तिला ठाऊक होतं?"

"ती तेव्हा खाली ग्रंथालयात होती. मागणी घालायची, तर हातात काहीतरी हवं ना! म्हणून छापून येईपर्यंत थांबलो. आलं, त्याच दिवशी ते पान घेऊन तिच्याकडे गेलो. वाचता वाचता डोळे भरून आले तिचे. म्हणाली, 'एक दिवस आधी यायचं नाही का हो? कालच मी तुमच्या शेजारच्या टेबलाला हो म्हणून बसले.'"