फुंकणीची परीक्षा

“ऐकलीस का शिट्टी?” ताई ओरडली आणि तिने धाकट्या भावाच्या मांडीवर असा रट्टा दिला, की त्याच्या हातातले घड्याळ उडून खाली पडले. “सांग आता, शंकासुरा! हाही भासच का?”

शंकासुर हे नाव तिनेच त्याला लहानपणी ठेवले होते. कारखान्याच्या मोजमाप विभागाने ते पुढे आनंदाने चालवले. वाळूच्या पोत्यांनी काठोकाठ भरलेला ट्रक घाट चढत होता. केबिनमध्ये तिघे होते: ही भावंडे आणि चालक मामा. मामा खरा मामा एकाचाच; पण तो भाचाही याच कारखान्यात चालक, शिवाय वयाने मामापेक्षा दोन वर्षांनी थोरला. त्या गमतीपायी सगळा कारखाना त्याला मामा म्हणे.

ताईने सहा वर्षे खपून एक यंत्र घडवले होते. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवी. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबी. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळे, म्हणून जोर जास्त. कागदोपत्री त्याचे नाव टर्बो होते. कारखान्यात सगळे त्याला फुंकणी म्हणत; चालताना ती शिट्टीसारखी वाजे. मोठ्या साहेबांनी बजावले होते, की साध्या इंजिनापेक्षा ती ठळकपणे सरस ठरली नाही, तर ताईच्या विभागाला उद्यापासून कुलूप.

परीक्षा शंकासुराने आखली होती. ट्रक दोन, ओझे सारखे, घाट एकच. एका इंजिनाला फुंकणी, दुसरे साधे. कोणते कुठे आहे, हे एकट्या जोडाऱ्याला ठाऊक होते आणि त्याला आज सक्तीची सुटी होती. दोन्ही बॉनेटना लाखेचे सील होते. इतके ओझे घेऊन या घाटात पूर्वी कोणीच चढले नव्हते, त्यामुळे तुलनेला जुना आकडा नव्हता. दुसरा ट्रक घेऊन भाचा पाव तास मागून निघणार होता. माणसाला जे हवे असते तेच त्याला दिसते, हे शंकासुराचे आवडते वाक्य होते. ते त्याने निघताना दोनदा ऐकवले होते.

“पोरी, ही गाडी नाही, वासरू आहे!” मामा स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला. “उधळलंय नुसतं! तीस वर्षांत असा चढ चढलो नाही.”

आरशात मागचा रस्ता दिसतच नव्हता. दिसत होता तो दाट काळा धूर.

“बघा, बघा दम!” ताई म्हणाली.

धुराच्या पलीकडून हॉर्न वाजू लागला. रस्ता अरुंद, एका बाजूला दरी. वाट द्यायला जागा नव्हती आणि मनही नव्हते.

“कोण हा उतावळा नवरा?” मामा म्हणाला आणि त्याने हॉर्नला हॉर्नने उत्तर दिले. मागून पुन्हा वाजला. मामाने पुन्हा दिले. ताईने त्यावर चाल धरली. आणि आयुष्यभर प्रत्येकाला ‘किती, आणि कशावरून’ असे विचारणारा शंकासुर डॅशबोर्डवर दोन्ही हातांनी ठेका धरून गाऊ लागला. त्याचा सूर बेताचा होता. कोणाचीच हरकत नव्हती.

माथ्यावरच्या मोकळ्या जागेच्या तोंडाशीच मामाने ट्रक उभा केला. तो आडवा लागला आहे, याचे भान कोणालाच नव्हते. ताईने मामाला खाली ओढले आणि त्याच्याबरोबर गरागरा फुगडी घातली. शंकासुराने हसत हसत सील फोडले, बॉनेट उघडले आणि त्याचे हसू तिथेच थांबले.

फुंकणीच्या जागी साधी नळी होती. नळीला एक पितळी शिट्टी डकवलेली होती.

“ही काय भानगड?” ताईने विचारले.

“शिट्टीवरून ट्रक ओळखू येऊ नये, म्हणून साध्या इंजिनाला मीच बसवायला सांगितली होती.”

“तुला माहीत होतं? मग तू का गात होतास?”

शंकासुराने बराच विचार केला. “त्याचं कारण मला सापडत नाही,” तो म्हणाला. “आणि तो काळा धूर. हवा कमी पडली की तसा धूर निघतो, हे आपण दोघंही नव्या पोरांना शिकवतो.”

ताई बंपरवर बसली. “साधं इंजिन एवढं झकास चढतं, तर माझी फुंकणी कोणाला हवी? सहा वर्षं घातली रे मी.”

“चढलं ते झकास होतं, हे आपण ठरवलं. घड्याळाने नाही,” शंकासुर हळूच म्हणाला. “भाचा पाव तास मागून निघालाय. तो येऊ दे, मग मोजू.”

“आला मिनिटभर आधी, तर काय उजेड पडणार आहे?”

वळणापलीकडे हॉर्न अजून चालूच होता. ताईचा सगळा संताप तिकडे वळला. “अरे, थांब ना बाबा! कोणाचं काय चाललंय आणि तुझं काय!”

हॉर्न थांबला. दार आपटल्याचा आवाज आला. विरत चाललेल्या धुरातून एक माणूस घाम पुसत, पाय आपटत पुढे आला. शंकासुराने आधी त्याच्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

“मामा,” भाचा कडाडला, “निम्म्या घाटापासून हॉर्न मारतोय मी! नाचून झालं असेल, तर ती बैलगाडी जरा बाजूला घ्या.”