कोणती रंजीता?

तांदळाच्या डब्यावर ठेवलेला मोबाइल थरथरला आणि डब्याचं झाकण खडखड वाजलं. शीलाकाकू रत्नमालाच्या घरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

मांडीवरच्या नीलूला एका हाताने सावरत रत्नमालाने मोबाइल घेतला. वाशिमहून फादरचा निरोप होता : 'प्रार्थनेचा ग्रुप आजच खाजगी कर. शीलाबाईंना एकटं सोडू नको.'

"फादर का?" काकूंनी विचारलं.

"हो."

"माफ करा म्हनत असन. सकाळी मलेबी तेच म्हनले. त्यायले काय, त्यायले पोरगी नाई."

सकाळी शिरपूरहून नवऱ्या मुलाकडच्यांचा फोन आला होता. पोरीला मिरगी आहे, फिट येतात, हे तुम्ही लपवलं, आम्हाला हे लग्न करायचं नाही. लग्न वीस तारखेला होतं. तेव्हापासून काकूंच्या थोरल्या लेकीने, रंजीताने, तोंडातून शब्द काढला नव्हता. काकूंनी तिच्याजवळ आपल्या सासूला बसवलं होतं, आणि घरातली फवारणीच्या औषधाची बाटली शेजारी नेऊन दिली होती.

"त्या इहीनबाईनं माह्या हातचं पुरन तीन खेपा मांगून खाल्लं," काकू म्हणाल्या. "तवा नाई काई इचारलं. आता म्हन्ते, तुमच्याच ग्रुपातल्या बाईनं लिवून देल्लं. ग्रुपावरचं ग्रुपातच राह्यते, असं तूच सांगतलं होतं न, रत्ना? तू त्याची मालकीन हायेस. तुले दिसते सारं. पाय बरं, कोन हाये ते."

अनसिंग आणि आसपासच्या खेड्यांतली चौतीस माणसं त्या ग्रुपवर होती. चर्च लांब, फादर महिन्यातून एकदा येणार. म्हणून रोजची प्रार्थना मोबाइलवरच. ज्याला विनंती टाकायची त्याने नाव, गाव आणि दुखणं लिहायचं, ही पहिल्यापासूनची रीत. नुसतंच 'एका बहिणीसाठी' म्हणून हात जोडणं कोणाच्या जिवाला पटत नसे. काकूंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी रंजीतासाठी बोलून पाठवलं, आणि रत्नमालाने नीलूला निजवता निजवता ते टाइप केलं होतं.

तिने सेटिंग उघडलं. ग्रुप 'सार्वजनिक' होता. दोन वर्षांपूर्वी सुरू करताना ठेवला, तसाच. म्हणजे चौतीसच नव्हे, ज्याच्या हातात मोबाइल त्या कोणालाही सगळं दिसत होतं. कोणाच्या नवऱ्याची दारू, कोणाच्या छातीतली गाठ, कोणाची आठ वर्षं न उजवलेली कूस. सगळं नावागावासकट. तिने 'खाजगी'वर बोट ठेवलं. नक्की का, असं मोबाइलने विचारलं. तिने हो केलं. एवढ्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

मग ती रंजीताच्या विनंतीपाशी गेली.

'रंजीता, अनसिंग. मिरगीचा त्रास थांबावा.' खाली जोडलेल्या हातांची रांग. मध्येच चौतिसांत नसलेल्या एका बाईने विचारलं होतं. फोटोच्या जागी तिने गुलाबाचं फूल लावलेलं. 'कोणती रंजीता? मदनसिंगची का?'

आणि लगेच खाली उत्तर. 'हो ताई, मदनसिंगकाकांची थोरली. लहानपणापासून त्रास आहे. वीस तारखेला शिरपूरला लग्न आहे, म्हणून नऊ दिवसांची प्रार्थना धरली आहे. तुम्हीही तिचं नाव घ्या.'

उत्तराच्या बाजूला गोल फोटो होता, गेल्या नाताळचा. लाल स्वेटरमधली नीलू, आणि तिच्या गालाला गाल लावून रत्नमाला.

नीलूने फोटोवर बोट ठेवलं. रत्नमालाने ते हळूच आपल्या मुठीत घेतलं.

लिहिलं तेव्हा किती बरं वाटलं होतं, तेही तिला आठवलं. नाव घेणारं आणखी एक तोंड वाढलं, असं वाटलं होतं.

"सापडलं का?"

"पाहून राह्यली, काकू."

"कोनीबी असो, मी भांडनार नाई. येशूची आन. फक्त तिच्या घरी जाऊन बसीन तिच्यासमोर. पाहू दे तिनं माह्या तोंडाकडं."

रत्नमालाने मान वर केली नाही. नीलूचं बोट मुठीत होतं, ते तिने सोडलं. अंगठा 'हटवा'वर गेला. विनंती गेली, जोडलेले हात गेले, गुलाबाचं फूल गेलं, खालचं सगळं एकदम गेलं.

"काईच नाई, काकू," ती म्हणाली. "कोनाचंच नाव दिसत नाई."

काकूंनी पुढे वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे. तू तरी हायेस," त्या म्हणाल्या. "नाई त मी कोनाच्या भरोशावर बोलली असती?"

काकूंचा हात अजून तिच्या केसांवर होता. मांडीवर नीलू उलटी वळली आणि तिने आईची हनुवटी धरून स्वतःकडे फिरवली.

"आई, त्याच्यातला आपला फोटो काहून पुसला व?"