मधला पत्रा

नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर चालणाऱ्या या बार्जच्या तळाला नऊ पत्रे होते, सगळे भंगारात काढलेल्या तेलवाहू जहाजाचे. जाडी सहा मिलिमीटरखाली गेली, की बार्ज बंद करायचा नियम. तपासणीत मधला पत्रा मी जाडी मोजायच्या यंत्राने तीनदा मोजला. तिन्ही वेळा साडेतीन भरला.

"करा बंद, मॅडम," नावाडी रायसिंग म्हणाला. "मग माझ्या सुनेला पाठीवर घ्या आन् पोहत जा दवाखान्यात."

सून आत कळा सोसत होती. दुसरी बोट नव्हती.

त्याच्या बायकोने, फुलीबाईने, निघताना करायच्या रिवाजाप्रमाणे मोहाच्या दारूची धार त्या पत्र्यावर सोडली. "पोरीला सांभाळ, बाई," ती पत्र्याला म्हणाली.

पत्रा माझ्या तळहाताला कोमट लागू लागला.

ओल्या जागेवर मी यंत्र पुन्हा टेकवलं. अठरा पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर.