पायातली चांदी

“चांदीची जागा पायात!” इंद्रजितनं टेबलावर हात आपटला आणि सगळं सभागृह खदखदून हसलं.

विट्यातल्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धा चालली होती. विषय कुठला, तर अमेरिकेचा, तोही सव्वाशे वर्षांपूर्वीचा! तिथलं चलन फक्त सोन्याचं असावं, की चांदीचंही? इंद्रजित सोन्याकडून, सोनिया चांदीकडून. नाव सोनिया आणि बाजू चांदीची, यावर पोरं सकाळपासून दात काढत होती. जिंकेल तो साताऱ्याच्या अंतिम फेरीला जाणार होता, आणि त्यासाठी या पोरीनं महिनाभर रात्रीचा दिवस केला होता.

“सोनं गळ्यात, चांदी पायात. अडाणी बाईलासुद्धा हे कळतं,” इंद्रजित म्हणाला. “अमेरिकेलाही कळलं. चांदीवाले हरले!”

बक्षीस देणारे सराफ पहिल्या रांगेत मान डोलावत होते. शेवटच्या रांगेत सोनियाची आई, बयाबाई. मेंढरांमागं जन्म गेलेली बाई; पायात लग्नातले चांदीचे तोडे. हसण्याची लाट आली तसे तिनं पाय गुपचूप खुर्चीखाली ओढून घेतले.

सोनियानं ते बघितलं आणि तिचं डोकंच फिरलं. माईकसमोर आली ती हातातले कागद बाजूला ठेवूनच.

“हरले, खरंय. पण होते कोण ते? शेतकरी. सोनं बँकांच्या तिजोरीत, बाजारात पैसा फिरेना, पिकाला भाव मिळेना. म्हणून चांदीचं नाणं मागत होते. मागणं खोटं होतं म्हणून नाही, मतं कमी पडली म्हणून हरले. आन् आमच्या घरात तर सोनं कवाच नव्हतं. दुष्काळात मेंढरं जगली ती आयच्या कमरंची चांदी मोडून!”

“प्रमाण भाषेत बोला. गुण कापले जातील,” परीक्षक म्हणाले.

“कापा की!”

वेळ संपल्याची घंटा वाजली. सोनिया जागची हलली नाही.

“आये,” ती माईकमधूनच म्हणाली, “पाय आत का गं घेतलंस? चोरीचं हाय व्हय ते? म्होरं घे.”

सगळ्या माना मागं वळल्या. बयाबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तोडे वाजवत मधल्या वाटेनं थेट पुढं आली. सराफांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर ऐसपैस बसून तिनं दोन्ही पाय स्टेजकडं लांब केले.

“हां,” ती लेकीला म्हणाली, “बोल फुडं.”