टाकीमागचे तीन डबे

अमर होण्याचं औषध शोधता शोधता माणसाला बारूद सापडली, असं इतिहास सांगतो. रायपूरच्या पुरानी बस्तीत ती मीनाक्षीबाईंना सापडली, गच्चीवर वाळलेले पापड उचलताना.

पाण्याच्या टाकीमागे खलबत्ता होता. शेजारी तीन डबे. एकात गंधक, एकात कोळशाची पूड, तिसऱ्यात मिठासारखं काही. त्यावर चिठ्ठी: सोरा. बारुदीचा तिसरा जिन्नस.

गच्चीवरच्या खोलीत शरच्चंद्र भाड्याने राहायचा. कॉलेजात इतिहास शिकवायचा, जुन्या काळच्या बारुदीवर प्रबंध लिहायचा आणि येत्या रविवारी बाईंच्या अनुश्रीशी त्याचा साखरपुडा होता. दीडशे लोकांना आमंत्रणं गेली होती.

बाईंनी डबे खाली आणले आणि त्याला बोलावलं. चहा विचारला नाही.

"हे काय बनवून राहिले तुम्ही?"

शरच्चंद्रने डब्यांकडे पाहिलं. मग अनुश्रीकडे. ती दारात उभी होती, स्कूटीवर बांधतात तसा स्कार्फ डोक्या-तोंडाला गुंडाळून. चार दिवस घरातही तसाच. धुळीची ॲलर्जी म्हणे. नुसते डोळे दिसायचे.

"जुनी कृती आहे, काकू. बनवणाऱ्यांचे हात भाजले, घरं जळली, असं लिहून ठेवलंय. खरं की खोटं, ते पाहायचं होतं."

"प्रबंध तुमचा आन् घर माझं?"

बाईंनी त्याचे हात निरखले. एक डाग नव्हता. धुतले असतील, त्यांनी ठरवलं.

"आई, ऐक तर..."

"तू चूप. शाळेत केमिस्ट्री शिकवते, पण माणूस काही ओळखता येत नाही तुले. चार दिवस झाले, गॅस पेटवायले भिऊन राहिली पोट्टी. काहून, ते आता समजलं मले."

बाईंनी मोबाइल उचलला. त्यांचा भाऊ हरिदास पोलिसात हवालदार होता.

"हरिदासले लावू? का सांगता, कोणी बनवलं?"

"मीच," शरच्चंद्र म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला.

"ऐकलं? रविवार कॅन्सल! असा माणूस उद्या माझ्या पोरीले भाजून काढेल."

त्यांनी नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली.

"मामाला नको सांगू, आई," अनुश्री म्हणाली आणि स्कार्फ सोडला.

तिला भुवया नव्हत्या.